आठवा खून: थरारपटाच्या हिशेबात न आलेला माणूस

'मेमरीज ऑफ मर्डर' या कोरियन चित्रपटात एक पोलीस संशयिताला लाथा घालण्याआधी बुटावर कापडाची खोळ चढवतो. अंगावर वळ उठू नयेत, एवढाच हेतू. खोळ नीट ओढून घेतो आणि मग उडी मारून लाथ घालतो. पहिल्यांदा हे दृश्य पाहताना हसू येतं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही, कारण तोवर या चित्रपटामागच्या खऱ्या खून-मालिकेची हकिगत वाचून झाली होती.

त्या मालिकेतल्या एकाच खुनाची आणि त्यासाठी शिक्षा भोगलेल्या एका माणसाची गोष्ट इथे मांडतो आहे. त्याचं नाव बातम्यांतून येऊन गेलं आहे, तरी इथे त्याला 'क' म्हणेन. खऱ्या खुन्याचं नाव मुद्दाम देत नाही. ते पुरेसं छापून आलं आहे.

पार्श्वभूमी

सोलच्या दक्षिणेला ग्याँगी प्रांतात ह्वासाँग नावाचा भाग आहे. आज तिथे कारखाने आणि उंच इमारती दिसतात. १९८०च्या दशकात मात्र भातखाचरं, पाटाचं पाणी आणि संध्याकाळनंतर अंधारात बुडणाऱ्या वाटा होत्या. १५ सप्टेंबर १९८६ ते ३ एप्रिल १९९१ या काळात तिथे दहा जणींचे खून झाले. सर्वांत लहान तेरा वर्षांची, सर्वांत मोठी एकाहत्तर वर्षांची. बहुतेकींना वाटेत किंवा शेतात गाठलेलं, त्यांच्याच कपड्यांनी बांधलेलं किंवा गळा आवळलेला.

तपास अवाढव्य होता. वीस लाखांहून अधिक मनुष्यदिवस पोलीस त्यात राबले आणि एकवीस हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली. काळही तसाच होता. सुरुवातीला देशात लष्करी राजवट, रस्त्यावर विद्यार्थी, आणि पोलिसांचं बळ मोर्चे पांगवण्यात गुंतलेलं. चित्रपटात एका ऐन मोक्याच्या रात्री बंदोबस्ताला शिपाई मागितले जातात आणि सगळे निदर्शनं दडपायला गेल्याचं उत्तर मिळतं. तो प्रसंग कथेच्या सोयीसाठी घुसडलेला वाटत नाही, इतका तो त्या काळाचा आहे.

दहांपैकी एकाच खुनाची उकल झाली, असं त्या वेळी जाहीर झालं. तो आठवा.

अडचण

१६ सप्टेंबर १९८८च्या रात्री तेरा वर्षांच्या एका मुलीचा तिच्या घरात, तिच्याच खोलीत खून झाला. आधीच्या खुनांत वाट होती, शेत होतं, पाऊस होता. इथे घराच्या भिंती होत्या. पोलिसांनी त्यावरून एक निष्कर्ष काढला: हा मालिकेतला खून नाही, कुणीतरी बातम्या वाचून केलेली नक्कल आहे. तिढ्याचं मूळ मला इथे दिसतं. मालिकेचा खुनी सापडत नव्हता, पण नक्कल करणारा सापडू शकत होता. दहा बंद दारांपैकी एक दार उघडलं असं लोकांना दाखवण्याची सोय त्या वर्गीकरणात होती.

खोलीत केस सापडले. त्यांवरून गुन्हेगाराचा रक्तगट बी ठरवला गेला. पुढे किरणोत्सारी तंत्राने त्यांतल्या धातूंचं प्रमाण तपासलं गेलं. टायटॅनियमचं प्रमाण जास्त आहे, म्हणजे धातूकामाशी संबंध असलेला माणूस, असा तर्क लढवला गेला. परिसरातल्या अनेकांचे केस गोळा झाले. त्यांत 'क'चे होते.

'क' तेव्हा बावीस वर्षांचा होता. शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला. लहानपणी पोलिओ झालेला, एक पाय अधू. शाळा तिसरीतच सुटलेली. पाठीशी उभं राहील असं घरचं कुणी नाही. जुलै १९८९मध्ये त्याला उचललं. त्याने पुढे न्यायालयात सांगितल्यानुसार तीन दिवस झोपू दिलं नाही, आणि अधू पायाच्या माणसाला उठाबशा काढायला लावल्या. त्यानंतर कबुलीजबाब तयार होता.

या जबाबाकडे जरा जवळून बघू. त्यात 'क' कुंपणाची भिंत ओलांडून आत शिरतो. रात्रीच्या अंधारात, पोलिओच्या पायाने. आणि तिसरीत शाळा सुटलेल्या माणसाच्या हस्ताक्षरात जबाबाची भाषा मात्र पोलिसी दफ्तरातली. तीस वर्षांनी त्याच्या वकिलांनी नेमकं यावर बोट ठेवलं: हे कुणीतरी सांगितलेलं किंवा समोर ठेवलेलं, यानं उतरवून घेतलेलं आहे. १९८९मध्ये तेच कागद पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश अशा तीन टेबलांवरून गेले होते. कुणाला तो पाय आणि ती भिंत एका वाक्यात खटकली नाहीत.

ऑक्टोबर १९८९मध्ये जन्मठेप झाली.

समोर असलेले पर्याय

या प्रकरणात निर्णयाची वेळ एकदा आली नाही, अनेकदा आली, आणि दर वेळी वेगळ्या माणसांवर आली.

पहिली वेळ पोलिसांची. केसांचा अहवाल हाती आल्यावर दोन वाटा होत्या. तो अहवाल संशयितांची यादी कमी करणारं साधन मानायचा, किंवा गुन्हा सिद्ध करणारा पुरावा. आजूबाजूच्या गावांत धातूकाम करणारे आणि बी रक्तगटाचे कितीतरी जण असणार, हे कुणालाही सुचण्यासारखं आहे. पण तंत्र नवं होतं, किरणोत्साराचं नाव होतं, आणि मागे जनतेचा रेटा होता. दुसरी वाट धरली गेली.

चित्रपटाने दोन पोलीस समोरासमोर उभे केले आहेत. एक गावातला, माणसाच्या डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो असं मानणारा. दुसरा सोलहून आलेला, कागद खोटं बोलत नाहीत यावर श्रद्धा असणारा. आपण प्रेक्षक दुसऱ्याच्या बाजूने झुकतो. मारझोड नको, पुरावा हवा, हे आपल्याला पटतं. आठव्या खुनात मात्र मारझोड आणि कागद एकाच बाजूला होते. जबाब काढताना अहवालाचा आधार, अहवालाला जोर यावा म्हणून जबाब. एकाने दुसऱ्याची हमी द्यायची आणि दुसऱ्याने पहिल्याची. सोलहून आलेला तो पोलीस या खटल्यात असता तर त्याचाही विश्वास बसला असता, असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण मला चित्रपटापेक्षा जास्त घाबरवतं.

दुसरी वेळ 'क'ची. पहिल्या न्यायालयात त्याने गुन्हा नाकारला नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे कोडं वाटेल. पण मुलीच्या खुनाचा आरोप होता, फाशीची शिक्षा डोळ्यांसमोर होती, आणि कबुली दिली तर जीव तरी वाचेल हा हिशेब कोठडीत बसलेला माणूस करतो. वरच्या न्यायालयात त्याने सांगितलं की जबाब जबरदस्तीने घेतलेला आहे. तोवर उशीर झाला होता. अपील फेटाळलं गेलं, सर्वोच्च न्यायालयातही शिक्षा कायम राहिली.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम २३मध्ये आहे. लाठीने बोलता केलेला माणूस कुठल्याही देशात सारखंच बोलतो, हे ओळखूनच असं कलम लिहिलं जातं. पण ते कलमही 'क'च्या फार उपयोगी पडलं नसतं, कारण त्याने न्यायाधीशांसमोरही गुन्हा नाकारला नव्हता.

तिसरी वेळ वेगळ्याच क्षेत्रातली. दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी एका रंगमंचीय नाटकावरून आणि स्वतः केलेल्या शोधाशोधीवरून २००३मध्ये हा चित्रपट केला. खुनी सापडलेला नव्हता. थरारपटाच्या प्रेक्षकाला शेवटी चेहरा हवा असतो, आणि काल्पनिक चेहरा देणं सोपं होतं. बाँग यांनी दिला नाही. शेवटी साँग कांग-हो यांनी रंगवलेला माजी पोलीस बऱ्याच वर्षांनी पहिला मृतदेह सापडला त्या जागी, शेतातल्या मोरीशी येतो. एक लहान मुलगी सांगते की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच वाकून आत बघत होता. दिसायला कसा होता? साधा, चारचौघांसारखा. पोलीस मान वर करतो आणि थेट आपल्याकडे, कॅमेऱ्याकडे बघतो. खुनी हा चित्रपट बघायला येईल आणि त्याची या नजरेशी नजर भिडेल, ही कल्पना त्यामागे होती, असं बाँग यांनी नंतर सांगितलं आहे.

तो निर्णय कलेच्या दृष्टीने अचूक होता, यात मला शंका नाही. पण आठवा खून पडद्यावर नाही. घरात शिरून झालेला, उकल झालेला, निकाली निघालेला खून न सुटणाऱ्या खुनांच्या चित्रपटात का असेल? त्यात कुणाची चूक काढता येणार नाही. चित्रपटगृहात लाखो लोक निसटून गेलेल्या अज्ञात खुन्याच्या विचाराने अस्वस्थ होत होते, तेव्हा 'क' तुरुंगातलं चौदावं वर्ष काढत होता. आणि ज्याच्या नजरेला नजर भिडवायची होती तोही बाहेर नव्हता. १९९४मध्ये मेहुणीच्या खुनासाठी पकडला गेल्यापासून तो गजाआड होता, बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत.

काय घडत गेलं

'क' ऑगस्ट २००९मध्ये पॅरोलवर सुटला. सुमारे वीस वर्षं आत गेली होती. आत असताना एका तुरुंग अधिकाऱ्याचा त्याच्यावर विश्वास बसला होता आणि ते नातं बाहेरही टिकलं. बाहेरच्या जगात मात्र तो लहान मुलीचा खून केलेला माणूसच होता.

दरम्यान २००६मध्ये मालिकेतल्या शेवटच्या खुनाचीही खटला भरण्याची मुदत संपली होती. त्या वेळचा कायदा पंधरा वर्षांचा होता. २०१५मध्ये कोरियाने खुनासाठी ही मुदतच रद्द केली, पण आधीच मुदत उलटलेल्या गुन्ह्यांना त्याचा लाभ नव्हता. म्हणजे खुनी सापडला तरी या दहा खुनांसाठी त्याला शिक्षा होणार नव्हती.

तरीही २०१९मध्ये पोलिसांनी जपून ठेवलेला मुद्देमाल नव्याने तपासणीला पाठवला. सप्टेंबरमध्ये जाहीर झालं की तीन खुनांच्या मुद्देमालावरचा डीएनए बुसानच्या त्या कैद्याशी जुळला आहे. सुरुवातीला त्याने कानावर हात ठेवले. पुढे त्याने चौदा खून कबूल केले. त्यांत ह्वासाँगचे दहाच्या दहा होते. आठवाही.

या क्षणी पोलिसांपुढे मोठा पेच होता. आठव्या खुनाबाबत डीएनए नव्हता, फक्त त्याचा शब्द होता. बढाई मारणारे कैदी असतात. हा एक खून तो उगाच आपल्या नावावर घेतो आहे, असं म्हणून विषय मिटवता आला असता, आणि तसं म्हणणं त्यांच्या खात्याच्या सोयीचंही होतं. जुन्या तपासातल्या पोलिसांना या उकलीबद्दल बढती मिळाली होती. २०१९च्या पथकाने तो सोपा मार्ग घेतला नाही. त्या कैद्याने सांगितलेले बारकावे जुन्या पंचनाम्याशी ताडून पाहिले आणि नोव्हेंबरमध्ये आठव्या खुनातही हाच खरा गुन्हेगार असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. त्याचा रक्तगट ओ निघाला. बी रक्तगट शोधण्याच्या नादात त्याला पूर्वी संशयितांच्या यादीतून वगळलं होतं.

हा बी रक्तगट किती खोल मुरला होता, याचं एक उदाहरण मनातून जात नाही. २०१३मध्ये चित्रपटाला दहा वर्षं झाल्याच्या कार्यक्रमात बाँग यांनीही खुन्याचं वर्णन करताना बी रक्तगट धरला होता. त्यांनी पोलिसांइतकाच, कदाचित जास्त अभ्यास केला होता. पण अभ्यास ज्या कागदांवर झाला, त्या कागदांतच चूक होती.

त्याच नोव्हेंबरमध्ये 'क'ने फेरखटल्यासाठी अर्ज केला. हा निर्णय वाटतो तितका सरळ नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या, कशीबशी घडी बसलेल्या माणसाला पुन्हा आरोपीच्या जागी बसावं लागणार होतं. अर्जाचे दोन पाय होते: नवा, ठोस पुरावा आणि तपास अधिकाऱ्यांनी कर्तव्यात केलेले गुन्हे. जानेवारी २०२०मध्ये सुवॉन जिल्हा न्यायालयाने फेरखटला मंजूर केला.

न्यायालयापुढचा कायद्याचा प्रश्न बारीक होता. पहिल्यांदा शिक्षा झाली ती एका माणसाच्या कबुलीवर. आता सुटका मागितली जात होती ती दुसऱ्या माणसाच्या कबुलीवर. पहिली खोटी आणि दुसरी खरी, हे कशावरून? राष्ट्रीय अभिलेखागारात खोलीतले दोन केस जपलेले निघाले, तेव्हा आशा वाटली. तपासणीत डीएनए हाती लागला नाही. मग कबुलीच्या आतच बघावं लागलं. एक जबाब झोपेविना, कोठडीत घेतलेला आणि जागेवरच्या परिस्थितीशी न जुळणारा. दुसरा कुठल्याही फायद्याविना दिलेला आणि जागेशी जुळणारा. केसांच्या जुन्या अहवालाचीही चिरफाड झाली आणि त्यातले दोष समोर आले.

२ नोव्हेंबर २०२० रोजी खुनी साक्षीदार म्हणून न्यायालयात आला. त्याने सांगितलं की आपण पकडले का गेलो नाही हे त्यालाच समजलं नव्हतं. त्याने फार लपवाछपवी केली नव्हती, आणि पोलीस भेटायचे ते इतरांबद्दल विचारायचे. चित्रपटाबद्दलही त्याला विचारलं गेलं. तुरुंगात पाहिला होता, म्हणाला. चित्रपट म्हणून पाहिला, मनात काही आलं नाही.

सतरा वर्षांपूर्वी कॅमेऱ्याकडे रोखलेली ती नजर अखेर त्या माणसापर्यंत पोहोचली होती आणि तिने त्याला काहीही केलं नव्हतं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

परिणाम

सरकारी वकिलांनी स्वतःच निर्दोष मुक्ततेची मागणी केली आणि माफी मागितली. १७ डिसेंबर २०२० रोजी 'क' निर्दोष ठरला. न्यायाधीशांनी न्यायव्यवस्थेच्या वतीने त्याची माफी मागितली; न्यायालय मानवी हक्कांचा शेवटचा आधार म्हणून आपलं काम करू शकलं नाही, हे कबूल केलं. पुढच्या वर्षी त्याला सुमारे अडीचशे कोटी वॉन भरपाई मंजूर झाली. तपासात गैरप्रकार केलेल्या पोलिसांवर आणि एका सरकारी वकिलावर गुन्हे नोंदले गेले, पण मुदत उलटून गेल्यामुळे शिक्षा कुणालाच झाली नाही. खुन्यालाही या खुनांसाठी नाही. पोलिसांनी प्रकरणाच्या नावातून ह्वासाँग काढून टाकलं. तीस वर्षं आपल्या गावाचं नाव खुनांशी जोडलेलं ऐकणाऱ्या लोकांची ती मागणी होती.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, आठव्या खुनाला मालिकेतून बाहेर काढण्याची घाई टाळता आली असती. घरात झाला म्हणजे नक्कल, हा तर्क होता, पुरावा नव्हता. एकदा नक्कल ठरल्यावर मालिकेतल्या संशयितांचा आणि या खुनाचा संबंध कुणी तपासलाच नाही.

दुसरं, अहवाल आणि जबाब वेगवेगळ्या हातांत हवे होते. प्रयोगशाळेचा कागद चौकशी करणाऱ्याच्या टेबलावर पोहोचला की तो प्रश्न विचारायचं सोडून उत्तर गळी उतरवायला लागतो.

तिसरं, वरच्या न्यायालयात 'क'ने जबाब नाकारला तेव्हा एका न्यायाधीशाने त्याला भिंतीपाशी नेऊन चढून दाखवायला सांगितलं असतं, तर? हे करायला कुठलंही नवं तंत्र लागत नव्हतं.

चित्रपटाबद्दल मात्र माझं मत डळमळतं. त्याने वेगळं काही करायला हवं होतं, असं म्हणवत नाही. संशयितांना मारून वदवून घेतलेल्या खोट्या कबुल्या त्याने इतक्या स्पष्टपणे दाखवल्या आहेत की अशा कबुलीवर कुणी आत बसलेलं असेल, हा प्रश्न प्रेक्षकाला पडायला हवा होता. मला पडला नव्हता. मी खुनी शोधत होतो.

शेवटची गोष्ट मुद्देमालाची. २००६नंतर कायद्याच्या दृष्टीने त्या कपड्यांचा आणि वस्तूंचा काही उपयोग उरला नव्हता. खटलाच उभा राहणार नव्हता. जागा मोकळी करायची म्हणून ती गाठोडी कुणीही टाकून दिली असती तर विचारणारं कोणी नव्हतं. तेरा वर्षं कुणी ती टाकली नाहीत.